संग्रहाचा धनी कोण?
नवाब सालारजंग (तिसरे) यांचे जीवन आणि त्यातून श्रावकाने घ्यावयाचा बोध

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेसाठी अपरिग्रहासंबंधी काहीतरी लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. अपरिग्रहावर शास्त्राधारे लिहिण्याचा अधिकार पूज्य मुनिवरांचा व पंडितांचा. माझ्यासारख्या कापडाच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसाने त्या वाटेस न जावे, हेच बरे. म्हणून एका अशा पुरुषाचे चरित्र वाचकांसमोर ठेवीत आहे, ज्यांनी परिग्रहाची कमाल केली आणि ज्यांच्या पश्चात तो परिग्रह अखेर समाजाचा झाला. ते जैन नव्हते. परंतु त्यांचे जीवन आपल्याला विचार करावयास लावणारे आहे.

हैदराबादला गेलेला मराठी माणूस चारमिनार आणि सालारजंग वस्तुसंग्रहालय पाहिल्याविना सहसा परतत नाही. दर तासाला घड्याळातून एक छोटा माणूस बाहेर येतो आणि घंटा वाजवून आत जातो, हे दृश्य पाहण्यासाठी तेथे अबालवृद्धांची दाटी होते. पण हा सारा संग्रह ज्यांनी उभा केला, त्या नवाब मीर युसूफ अली खान, सालारजंग तिसरे, यांच्याविषयी त्या गर्दीतील फारच थोड्यांना माहिती असते.

नवाबसाहेबांचे घराणे म्हणजे निजामाच्या राज्यातील दिवाणांचे घराणे. हैदराबादेतील मीर आलम तलाव ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते मीर आलम याच घराण्यातील पूर्वज. या घराण्याला खरी कीर्ती मिळवून दिली ती आजोबांनी, म्हणजे मीर तुराब अली खान, सालारजंग पहिले यांनी. वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, १८५३ साली, ते दिवाण झाले आणि १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. कर्जात बुडालेल्या राज्याची घडी त्यांनी पुन्हा बसविली. महसूल गोळा करण्याचा मक्ता देण्याची जुनी पद्धत मोडून त्यांनी जिल्हेवार कारभार सुरू केला. वाडीहून हैदराबाद-सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे त्यांच्याच काळात, १८७४ साली सुरू झाली. १८७६ मध्ये ते युरोपच्या प्रवासास गेले असता रोम येथे त्यांनी बेंझोनी या शिल्पकाराची एक संगमरवरी मूर्ती खरेदी केली. तीच आज सर्वांना ठाऊक असलेली ‘व्हेल्ड रेबेका’. झिरझिरीत ओढणीआडून चेहरा दिसावा, असे ते काम आहे. आम्ही वस्त्राचा व्यापार करणारे लोक कापडाचा पोत बोटांनी ओळखतो. पण दगडात मलमल पाहावी, ती तेथेच.

आजोबांच्या पश्चात वडील मीर लायक अली खान, सालारजंग दुसरे, हे १८८४ ते १८८७ या काळात दिवाण होते. त्यांना आयुष्य फार थोडे लाभले. १३ जून १८८९ रोजी युसूफ अलींचा जन्म झाला आणि बालक महिन्याचे होण्याच्या आतच, जुलै १८८९ मध्ये, पित्याचे निधन झाले. अशा रीतीने, ज्याला वडिलांचा चेहराही आठवणे शक्य नव्हते, असे ते मूल एका अफाट जहागिरीचे एकमेव वारस ठरले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या छत्राखाली ते वाढले व निजाम कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१२ साली महाराजा किशन प्रसाद यांच्या जागी युसूफ अलींना दिवाणपदी नेमले. त्या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. आजोबांची गादी नातवाकडे आली, असेच सर्वांना वाटले. परंतु हे पर्व अल्पजीवी ठरले. नोव्हेंबर १९१४ मध्ये त्यांनी पद सोडले आणि राज्यकारभारातून कायमचे अंग काढून घेतले. पंचविशीतला तरुण, हाती अमाप उत्पन्न, राजकारणाचे दरवाजे मिटलेले, आणि घरात पत्नी-मुले नाहीत. कारण त्यांनी विवाह केलाच नाही. अशा स्थितीत मनुष्य व्यसनाधीन होण्याची शक्यताच अधिक. नवाबसाहेबांनी मात्र आपले सारे चित्त एका छंदात गुंतविले. पुढील पस्तीस वर्षे त्यांनी फक्त वस्तू जमविल्या.

जहागिरीचा विस्तार किती होता, याची कल्पना दोन गावांच्या नावांवरून येईल. आपल्या मराठवाड्यातील अजिंठा हे गाव सालारजंग जहागिरीत मोडत असे. जगप्रसिद्ध लेण्यांचा तो परिसर. दुसरे गाव कर्नाटकातील कोप्पळ. या कोप्पळचे प्राचीन नाव कोपण. एके काळी ते जैनांचे महातीर्थ मानले जाई आणि तेथील टेकड्यांवर सल्लेखना घेतलेल्या मुनी व श्रावकांचे शिलालेख आढळतात. ज्या भूमीवर आपल्या पूर्वजांनी शरीराचाही मोह शांतपणे सोडला, त्याच भूमीचे उत्पन्न शेकडो वर्षांनी एका संग्राहकाच्या खरेदीत खर्ची पडत होते. काळाचा महिमा असा असतो.

चारमिनारपासून जवळच असलेली दिवाण देवडी हे त्यांचे वडिलोपार्जित निवासस्थान. वस्तू विकू इच्छिणारे व्यापारी तेथे येत. नवाबसाहेब स्वतः परदेश प्रवासात खरेदी करीत, शिवाय परदेशातील विक्रेत्यांकडून याद्या येत व त्यांतून निवड होई. पौर्वात्य आणि पाश्चात्त्य असा भेद त्यांनी केला नाही. युरोपातील काच, चिनी मातीची भांडी, चित्रे व घड्याळे त्यांनी घेतली. चीन-जपानमधील कोरीवकाम, इराणी गालिचे, मोगल काळातील संगेयशबच्या म्हणजे जेडच्या वस्तू, हस्तिदंती कलाकृती, शस्त्रे, काश्मिरी शाली, जरीची वस्त्रे, लहान मुलांची खेळणी, असे सर्व काही देवडीत येऊन पडले. नूरजहानची म्हणून दाखविली जाणारी रत्नजडित कट्यार आणि सुलतान अल्तमशच्या नावाचा जेडचा ग्रंथाधार ही त्यांतील विशेष मानाची रत्ने. एकाच लाकडात पुढून मेफिस्टोफिलीस व मागून मार्गारेटा कोरलेली मूर्ती तर लहान मुलेही विसरत नाहीत. ज्या घड्याळाचा उल्लेख वर केला, ते इंग्लंडमध्ये बनले व कोलकात्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीकडून आले.

जैन वाचकांना विशेष आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे, तेथील लघुचित्रांच्या संग्रहात पश्चिम भारतीय शैलीतील कल्पसूत्राची चित्रित पानेही आहेत. लांबट डोळ्यांच्या त्या आकृती आणि लाल-निळ्या रंगांची ती पाने पाहिली की, पर्युषणातील वाचन आठवते.

नवाबसाहेब केवळ वस्तूंचे शौकीन नव्हते. अरबी, फार्सी, उर्दू हस्तलिखितांचा आणि छापील पुस्तकांचा मोठा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढविला. कवी, लेखक व कलावंत यांना त्यांचा आश्रय होता. घराण्यासंबंधीचे ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध करविले. पुढे संग्रहालयाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे या वारशात सुमारे ४३,००० कलावस्तू, ९,००० हस्तलिखिते आणि ४७,००० छापील पुस्तके होती. एका माणसाच्या आवडीतून, आजोबा-वडिलांच्या थोड्या खरेदीची भर धरून, एवढे भांडार उभे राहिले. एका मनुष्याने जमविलेला जगातील सर्वांत मोठा संग्रह, असा त्याचा गौरव नेहमी केला जातो.

आता या चरित्रातील मुख्य प्रश्नाकडे वळू. आमच्या धंद्यात दर वर्षी दिवाळीला माल मोजावा लागतो. कोणते ठाण किती, कोणत्या भावाचे, कोणाकडून आलेले, याची नोंद नसेल तर ताळेबंद लागत नाही. ज्या मालाची नोंद नाही, तो माल आपला असूनही आपला नसतो. नवाबसाहेबांच्या देवडीत माल अपार होता, पण तो आपल्या मागे कोणाच्या हाती जावा, याची पक्की कायदेशीर सोय झालेली नव्हती.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात मृत्युपत्राने साधारणपणे मालमत्तेच्या एक तृतीयांश भागाचीच व्यवस्था लावता येते. बाकी वारसांकडे जाते. मात्र हयातीत दान करण्याचा किंवा वक्फ करण्याचा मार्ग मोकळा असतो. संग्रह अखंड ठेवावयाचा तर तो मार्ग जिवंतपणीच अनुसरणे आवश्यक होते. ते घडले नाही. का घडले नाही, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. आपल्यापैकी किती जणांनी अशी व्यवस्था केली आहे, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे.

काळही प्रतिकूल होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई होऊन निजामाचे राज्य भारतात विलीन झाले. जुनी सरंजामी व्यवस्था मोडू लागली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २ मार्च १९४९ रोजी, नवाबसाहेबांचे निधन झाले. वयाची साठी पूर्ण व्हावयास जेमतेम साडेतीन महिने उरले होते. त्याच वर्षी पुढे हैदराबादेतील जहागिऱ्याही रद्द झाल्या. ज्या उत्पन्नावर संग्रह उभा होता, ते उत्पन्न संपले. ज्या माणसाला प्रत्येक वस्तूचा इतिहास ठाऊक होता, तो माणूस गेला. पोटी संतान नाही. उरल्या त्या कुलुपबंद खोल्या आणि दूरचे अनेक वारस.

अशा वेळी काय होते, हे व्यापारी माणसास सांगावयास नको. संग्रहाची वाटणी झाली असती, प्रत्येक हिस्सेदाराने आपला वाटा बाजारात नेला असता आणि देवडीतील वस्तू जगभर पांगल्या असत्या. मूळ संग्रहातील बऱ्याच वस्तू नवाबसाहेबांच्या हयातीत व नंतरच्या हलवाहलवीत नाहीशा झाल्या, अशी समजूत हैदराबादेत आजही ऐकावयास मिळते. पण नोंदच अपुरी असल्यावर काय गेले हे सांगणार तरी कोण?

तथापि हैदराबादचे व देशाचे भाग्य थोर. शासनाने मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी सालारजंग इस्टेट समिती नेमली. हैदराबादचे तत्कालीन मुख्य मुलकी प्रशासक श्री. एम. के. वेल्लोडी यांच्या मनात या संग्रहाचे वस्तुसंग्रहालय करावे, असा विचार आला. निरनिराळ्या वाड्यांत विखुरलेल्या वस्तू एकत्र करून त्यांची मांडणी करण्याचे काम प्रसिद्ध कलासमीक्षक डॉ. जेम्स कझिन्स यांच्याकडे सोपविण्यात आले. १६ डिसेंबर १९५१ रोजी दिवाण देवडीतच पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जेथे पूर्वी निमंत्रिताशिवाय कोणास प्रवेश नव्हता, तेथे आता सामान्य माणूस जाऊ लागला.

परंतु दरवाजे उघडले म्हणजे मालकीचा प्रश्न सुटला, असे नव्हे. १९५८ पर्यंत कारभार इस्टेट समितीकडेच होता. नंतर वारसांनी उच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या आधारे तडजोडपत्र करून सर्व संग्रह भारत सरकारला देण्यास संमती दिली. या वारसांचे औदार्य आपण विसरता कामा नये. हक्क असताना सोडणे, यालाच त्याग म्हणतात. नवाबसाहेबांच्या हातून जे दान राहून गेले, ते त्यांच्या आप्तांनी पूर्ण केले. पुढे १९६१ साली संसदेने स्वतंत्र कायदा करून या संग्रहालयास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली व राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली त्याचे मंडळ स्थापन झाले. १९६८ मध्ये मुसी नदीच्या काठी बांधलेल्या नव्या इमारतीत संग्रह हलविण्यात आला. जुनी दिवाण देवडी मात्र कालौघात जवळजवळ नामशेष झाली. वास्तू गेली, वस्तू राहिल्या.

मृत्यूपासून या कायद्यापर्यंत बारा वर्षे लागली. एका इच्छापत्राची किंवा दानपत्राची अनुपस्थिती केवढी महाग पडते, याचे हे उदाहरण. शासन, न्यायालय, संसद आणि समंजस वारस एवढे सारे अनुकूल झाले, म्हणून संग्रह वाचला. सामान्य माणसाच्या छोट्या संग्रहासाठी यांतील कोणीही धावून येणार नाही.

याउलट ज्यांनी वेळेवर निर्णय घेतला, त्यांचीही उदाहरणे आहेत. लंडनचे वैद्य सर हॅन्स स्लोन यांचे १७५३ मध्ये निधन झाले. त्यांनी मृत्युपत्रातच लिहून ठेवले होते की, मुलींना २०,००० पौंड देऊन राष्ट्राने आपला संग्रह घ्यावा. त्यातून ब्रिटिश म्युझियमचा जन्म झाला. आपल्या पुण्याचे डॉ. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा रोजच्या वापरातील कलात्मक वस्तू आयुष्यभर जमविल्या, अकाली निधन पावलेल्या आपल्या राजा या बालकाचे नाव त्या संग्रहास दिले आणि हयातीतच तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आणि आगमप्रभाकर मुनी पुण्यविजयजी महाराज यांनी जीवनभर शोधून जपलेली हजारो हस्तलिखिते अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिरास अर्पण केली. जेसलमेर व पाटण येथील ज्ञानभांडारांची व्यवस्था लावताना एकेका पोथीची सूची केल्याविना ती सुरक्षित राहत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

आपले शास्त्र श्रावकाला परिग्रहाचे परिमाण करावयास सांगते. वस्तूंच्या संख्येपेक्षा त्यांच्यावरील ममत्व हाच खरा परिग्रह, असेही सांगते. छंदाचा संग्रह ही या दृष्टीने फार फसवी गोष्ट आहे. पैशाचा लोभ माणसाला लोभ म्हणून कळतो. पण जुनी नाणी, तिकिटे, पोथ्या, चित्रे यांचा लोभ त्याला संस्कृतीची सेवा वाटतो. सेवा ती खरीच, पण केव्हा? जेव्हा ती आपल्यानंतरही दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी तजवीज आपण करू तेव्हा. नाहीतर ते केवळ मोहनीय कर्माचे पोषण.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे असे नाही. गेली चाळीस वर्षे मी स्वतः कापडाच्या ठाणांवर चिकटविली जाणारी गिरण्यांची रंगीत लेबले जमवीत आलो आहे. देवदेवता, राजे, हत्ती, आगगाड्या यांची चित्रे असलेली ती कागदी लेबले गिरण्यांबरोबरच इतिहासजमा झाली. घरातील मंडळींना त्यांत रस नाही आणि तो असावा असा आग्रह धरणे हीसुद्धा एक हिंसाच. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी तीस-पस्तीस वर्षे जमविलेली तांब्याची जुनी नाणी त्यांच्या पश्चात मोडीच्या भावाने वजनावर विकली गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले. मुलांचा दोष नव्हता. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी चौविहारानंतर अर्धा तास वहीत नोंदी करू लागलो. कोणते लेबल, कोणत्या गिरणीचे, कोणाकडून मिळाले, एवढेच. दोन वर्षांत यादी पूर्ण झाली. मग मुलांना बसवून माझी इच्छा सांगितली, त्यांची संमती घेतली आणि दोन साक्षीदारांसमक्ष इच्छापत्रात ती नमूद केली. लेबले एकत्र राहावीत आणि अभ्यासकांना पाहावयास मिळावीत, एवढीच अट. ज्या संस्थेस द्यावयाची, तिला आधी विचारले, कारण न विचारता दिलेले दान पुष्कळदा घेणाऱ्यावर ओझे होते. सांभाळण्यासाठी थोडी रक्कमही सोबत ठेवली आहे. वही मिटली त्या रात्री वाईट वाटले, हे लपवीत नाही. लेक सासरी पाठविताना वाटते तसे. परंतु दुसऱ्या दिवशी सामायिकात मन अधिक स्थिर झाले, हेही तितकेच खरे.

आपल्या समाजातील अनेक घरांत जुन्या पोथ्या, धातूच्या प्रतिमा, पट आणि नाणी आहेत. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व चित्रे आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते यांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो व अनेक वस्तूंची नोंदणी करावी लागते, याचीही जाणीव असू द्यावी. आपल्या ट्रस्टने सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्ञानभांडाराच्या सूचीचे काम हाती घेतल्यास आणि कुटुंबांना आपापल्या पोथ्यांची यादी करण्यास साहाय्य केल्यास, शास्त्रदानाचे मोठे पुण्य पदरी पडेल, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.

नवाब सालारजंग यांनी पस्तीस वर्षे वेचून जे जमविले, त्यातील एक वस्तूही ते सोबत नेऊ शकले नाहीत. पण आज हजारो लोक त्या वस्तूंपुढे उभे राहून आनंद मिळवितात, म्हणून त्यांचे नाव टिकले आहे. जमविण्यात त्यांचे वैभव दिसले, आणि सुटण्यात त्याचे सार्थक झाले. ज्या गोष्टी त्यांच्यासाठी दैवाने घडविल्या, त्या आपण आपल्या हाताने, शुद्धीत आणि समभावाने घडवाव्यात, हाच या चरित्राचा बोध.

काही उणे-अधिक लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.